शेगडी पुसण्याआधी

(अँटॉप हिल येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटला. वह्या-पुस्तके आवरून सगळे घरोघर गेले. एक ताई मात्र मागे थांबल्या. त्यांनी उजवा हात पदराखाली झाकून घेतला होता. मी विचारले, "काय झालं?" त्यांनी हात पुढे केला. बोटांवरची कातडी पांढरी पडून सोलली होती.

या ताई रोज सकाळी इथून माटुंग्याला जातात. तिथे तीन घरची कामे करतात. त्यांतल्या एका घरी विजेचा ओव्हन आहे. ओव्हन म्हणजे विजेवर तापणारी पेटी. तिच्यात केक, बिस्किटे, पाव भाजतात. भाजताना तेल-तूप आत उडते आणि जळून काळे, चिकट होते. मालकीणबाईंनी ताईंना एक बाटली दिली आणि सांगितले, "याने आतून स्वच्छ करा." ताईंनी फवारा मारला आणि उघड्या हाताने घासायला लागल्या. आधी बोटे बुळबुळीत लागली. त्यांना वाटले, साबणच आहे. मग चुरचुर सुरू झाली. घरी पोहोचेपर्यंत आग होऊ लागली.

मी विचारले, "बाटलीवर काही लिहिलं नव्हतं का?"

ताई म्हणाल्या, "लिहिलं होतं की, गुरुजी. पण इंग्रजी. मी आत्ता कुठं मराठी वाचायला लागले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाटली माझ्याकडे आणली. मी चष्मा लावून वाचली. अक्षरे मुंगीच्या पायाएवढी! हातमोजे घाला, डोळे जपा, खिडकी उघडा, ॲल्युमिनियमच्या भांड्याला लावू नका, हे चारही इशारे तिच्यावर छापलेले होते. शिवाय एक चित्रही होते. त्या चित्राकडे मी पुन्हा येईन. आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. कारण विजेचा ओव्हन आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी असेल. आपला ओव्हन म्हणजे आपली शेगडी. तीही रोज मळते, तीही पुसावी लागते, आणि पुसताना तीही दगा देऊ शकते.

मी जुना मॅट्रिक झालेला माणूस. रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. पण शाळेत मुलांना विज्ञान शिकवले आहे आणि घरात चुकाही केल्या आहेत. त्या दोहोंच्या जोरावर बोलतो.

माझ्या लहानपणी गिरणगावातल्या चाळीत खोलीखोलीत पितळी स्टोव्ह असे. त्याला प्रायमस म्हणत. १८९२ साली स्वीडन देशात तो प्रथम तयार झाला आणि पुढे जगभर गेला. टाकीत रॉकेल भरायचे, स्पिरिटच्या काकड्याने वरचे तोंड तापवायचे, मग पंपाने हवा भरायची. तोंड चांगले तापले असेल तर आतल्या रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत भरभर आवाज करत जळते. तोंड थंड असेल तर वाफ होत नाही. मग रॉकेल पातळच्या पातळ वर उडते आणि भडका होतो.

माझी आत्या सकाळच्या घाईत होती. स्टोव्हच्या भोकात कचरा अडकून तो विझला. तिने पिन घातली, भोक मोकळे केले आणि तोंड पुन्हा न तापवता काडी लावून पंप मारला. रॉकेलची चिळकांडी उडाली. अंगावर नायलॉनचे पातळ होते. नायलॉन नुसते जळत नाही, वितळते आणि कातडीला चिकटते. शेजाऱ्यांनी धावत येऊन हातावर शाईची दौत ओतली. त्या काळी तसाच समज होता. आत्या वाचली. पण तिच्या उजव्या हाताची बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत. भाकरी थापताना ती डाव्या हाताने थापायची, ते मला अजून दिसते.

त्या काळात वर्तमानपत्रांत "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" अशा बातम्या वरचेवर येत. त्या सगळ्यांत दोष स्टोव्हचाच होता असे मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी तो माणसांचा होता. म्हणून तर १९८३ साली आणि पुन्हा १९८६ साली कायदा कडक करावा लागला. पण तो विषय निराळा आणि मोठा आहे. त्यावर एक दिवस स्वतंत्र बोलू.

आता घरोघर गॅस आला. आपल्या टेकडीवर बहुतेकांकडे बाटला आहे. गावाकडे त्याला टाकी म्हणतात. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली तेव्हापासून गावातल्या पुष्कळ घरांत तो पोहोचला. शेजारच्या काही इमारतींत पाइपचा गॅस आहे. स्टोव्ह गेला, पंप गेला, रॉकेलची रांग गेली. बरे झाले. पण भीती गेली तशी सावधगिरीही गेली, असे मला वाटते. स्टोव्हचे भय तरी होते. तो आवाज करायचा, वास मारायचा. गॅसची शेगडी कशी गुपचूप बसलेली असते!

माझीच गोष्ट सांगतो. निवृत्त झाल्यावर मी घरकामात हातभार लावू लागलो. एका दुपारी मंडळी भाजीला गेली होती. मला हुक्की आली की शेगडी लख्ख करावी. ओले फडके घेतले आणि जोराने पुसली. पुसताना फडक्याने एक बटण जरासे फिरले. मला कळले नाही. बाटल्यावरचा रेग्युलेटर मी बंद केलाच नव्हता. मग मी बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलो. अर्ध्या तासाने सौभाग्यवती आली. दारातच थांबली आणि म्हणाली, "अहो, वास येतोय." मी म्हणालो, "साबणाचा असेल." ती म्हणाली, "तुमचं नाक निवृत्त झालंय." तिने पदर नाकाला लावला, आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, दार-खिडकी सताड उघडली आणि मला हात धरून बाहेर नेले. भर दुपार होती, म्हणून दिवा लावावा लागला नाही. संध्याकाळ असती तर तिने आत पाऊल टाकताच सवयीने दिव्याचे बटण दाबले असते. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. ती ठिणगी पुरते.

असे का होते, ते समजून घेऊ. बाटल्यातला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, खाटेखाली साचतो. आपल्या खोलीला उंबरठा असतो. तो पावसाचे पाणी अडवतो, तसाच हा गॅसही आतल्या आत अडवतो.

आता फळ्यावर एक हिशोब मांडतो. तुम्ही वहीत उतरून घ्या. खोली १० फूट लांब, १२ फूट रुंद, ९ फूट उंच. गुणाकार केला तर १०८० घनफूट हवा. शंभर भाग हवेत दोन भाग गॅस मिसळला की ती हवा ठिणगीने पेटू शकते. १०८० चे शेकडा दोन म्हणजे साधारण २२ घनफूट. एवढ्या गॅसचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. घरगुती बाटल्यात १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे बाटल्याचा दहावा हिस्सा सुटला तरी सबंध खोली पेटण्याजोगी होते. आणि गॅस तर खालीच साचतो. तेव्हा जमिनीलगत ती अवस्था यायला याहून कितीतरी कमी गॅस लागतो.

गॅसला स्वतःचा वास नसतो, बरं का. आपल्याला कळावे म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास म्हणजे गॅसने मारलेली हाक आहे. उदबत्ती लावून ती हाक दाबू नका.

पाइपच्या गॅसची तऱ्हा उलटी. तो हवेपेक्षा हलका. तो वर चढतो आणि छताशी साचतो. म्हणून तिथे वरची खिडकी, झरोका उघडा ठेवणे महत्त्वाचे.

आता सफाईचे सांगतो. पुष्कळ जणी रोज रात्री शेगडी पुसतात, ते चांगलेच. पण आठवड्यातून एकदा ती नीट खोलून धुवावी. ही धुलाई रात्रीची स्वयंपाक झाल्या झाल्या करू नये. लोखंड तापलेले असते, हात भाजतो. काचेची शेगडी असेल तर तापलेल्या काचेवर गार पाणी पडताच ती तडकते. सकाळची पहिली वेळ बरी. रात्रभर शेगडी थंड झालेली असते आणि उजेडही असतो.

सगळ्यात आधी बाटल्यावरचा रेग्युलेटर बंद करा. पाइपचा गॅस असेल तर शेगडीजवळची चावी आडवी करून बंद करा. मग देवाजवळचा दिवा, उदबत्ती विझवा. खिडकी उघडा. मी हे केले नव्हते, म्हणून पहिल्यांदा सांगतो. नंतर फडक्याला हात लावा.

भांडे ज्यावर ठेवतो ती लोखंडी चौकट उचला. बर्नरच्या टोप्या काढा. त्यांच्याखाली ताटली असेल तर तीही काढा. एका घमेल्यात कडकडीत पाणी घ्या, त्यात कपड्याचा साबण किसून टाका, वर चमचाभर धुण्याचा सोडा घाला आणि लोखंडी चौकट त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. तेलकट राप जळून जळून डिंकासारखा झालेला असतो. गरम पाणी त्याला मऊ करते आणि सोडा तेलाचा साबण करून टाकतो. त्यामुळे जोर कमी लागतो. जे काम पाणी अर्ध्या तासात फुकट करते, त्यासाठी मनगट दुखवू नये. मग काथ्याने घासा.

बर्नर पितळेचा असेल तर त्याला सोडा नको. चिंच किंवा लिंबू घातलेल्या गरम पाण्यात भिजवा. आजीची पितळी भांडी कशी निघत, तसाच तो निघतो. ॲल्युमिनियमचा बर्नर असेल तर नुसता साबण आणि कोमट पाणी. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि ते काळे पाडतो. कोणता बर्नर कोणत्या धातूचा हे ओळखायला सोपे आहे. पितळ पिवळे आणि जड, ॲल्युमिनियम पांढरट आणि हलके.

बर्नरच्या कडेने बारीक भोके असतात. त्यांतून गॅस बाहेर येऊन जळतो. दूध उतू गेले, भाताची पेज सांडली की ती भोके बुजतात. जुन्या दातब्रशाने ती घासा. तरी न निघाले तर सुईने एकेक भोक हलक्या हाताने मोकळे करा. झाडूची काडी किंवा आगकाडी घालू नका. तिचे टोक आत मोडते आणि मूळच्या दुखण्यात भर पडते.

आणि एक भोक मात्र असे आहे की त्याला सुईसुद्धा लावायची नाही. बर्नर उचलल्यावर आत, नळीच्या टोकाशी, एक पितळी बोंडी दिसते. तिला केसाएवढे भोक असते. नळीतला गॅस तिथून बर्नरात शिरतो. ते भोक कारखान्यात मोजून पाडलेले असते. सुई घालून ते सैल झाले की गॅस जास्त येतो, हवेचे प्रमाण बिघडते, ज्योत पिवळी होते. मग ती शेगडी कितीही घासा, भांडी काळी होतातच. त्या बोंडीत कचरा अडकला असे वाटले तर गॅसच्या दुकानातून मिस्त्री बोलवा. त्याला चार पैसे द्यावे लागतील, ते द्या.

शेगडीच्या अंगावर तांब्याने पाणी ओतू नये. पाणी बटणांच्या फटीतून आत जाते. फडके साबणाच्या पाण्यात भिजवून पिळा आणि पुसा. बटणांभोवती पुसताना फडके गोल फिरवू नका, वरून खाली पुसा. माझे बटण तसेच फिरले होते. शेगडीखाली झुरळे असतात, त्यांच्यामागे उंदीर येतात. उंदराला खरकट्याचा वास आलेली रबरी नळी फार आवडते. आपल्या खोल्यांत उंदीर नाहीत असे कोणी म्हणेल काय? म्हणून शेगडी उचलून तिच्याखालची सांडलवंड रोज पुसा, आणि आठवड्याला नळी दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत तपासा. कुरतडलेले, चिरलेले, फुगलेले काही हाताला लागले तर नळी बदला. नारिंगी रंगाची, आय.एस.आय.चा शिक्का असलेली सुरक्षा नळी घ्यावी. तीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची. चांगली दिसते म्हणून ठेवून द्यायची नाही.

धुतलेले सगळे कोरडे करा. ओला बर्नर तसाच बसवला तर ज्योत फडफडते आणि विझते. ज्योत विझली तरी गॅस चालूच राहतो. उन्हात ठेवायला जागा नसेल तर कोरड्या फडक्यावर पालथे घालून तासभर ठेवा. मग बर्नर आपापल्या खाचेत नीट बसवा. तिरका बसला तर एका बाजूने ज्योत लांब निघते.

सगळे बसवले की एका वाटीत साबणाचा फेस करा. रेग्युलेटर चालू करा, शेगडीची बटणे बंदच ठेवा. नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरजवळ फेस लावा. बुडबुडे फुगू लागले तर गळती आहे. रेग्युलेटर लगेच बंद करा. काडी ओढून गळती पाहणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाच्या भुवया पुन्हा आल्याच नाहीत.

गळती नाही असे दिसले की काडी किंवा लायटर आधी, बटण नंतर. ज्योत पाहा. ती निळी, आखूड, शांत हवी. पिवळी, लांब, धूरकट ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही. तवा-पातेल्याला काजळी धरते, गॅस वाया जातो, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला गुंगी आणतो आणि झोपेतच नेतो. कोळशाच्या शेगडीतूनही तोच निघतो. गावाकडे थंडीत शेगडी पेटवून दारे लावून झोपतात, ते म्हणून वाईट.

गावाकडच्या वाचकांसाठी चुलीचे दोन शब्द सांगतो. चुलीतली राख सकाळी काढताना ती विझली आहे असे समजू नका. आत निखारा तग धरून असतो. अशी राख उकिरड्यावर टाकली, वारा सुटला आणि शेजारची कडब्याची गंजी पेटली, असे घडते. राखेवर पाणी शिंपडा, काठीने हलवा, पुन्हा शिंपडा, मग टाका. चुलीवरच्या छपराला लोंबणारी काजळीही वर्षातून दोनदा झाडावी. तीही पेटते.

आता वास आलाच तर काय करायचे? दिवा लावू नका. लागलेला दिवा बंदही करू नका, कारण बंद करतानाही ठिणगी पडते. पंखा, मिक्सर, दारावरची घंटा, कशालाच हात नको. रेग्युलेटर बंद करा. जमले तर तो काढून बाटल्याला त्याची टोपी लावा. दारे-खिडक्या उघडा. पोरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर या. बाहेर आल्यावरच मोबाइल काढा. बाटल्याच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आग लागली तर १०१. हे दोन नंबर कोळशाने का होईना, भिंतीवर लिहून ठेवा. घाबरल्यावर पाठ केलेले आठवत नाही, भिंतीवरचे दिसते.

कढईतले तेल पेटले तर पाणी मारू नका. पाणी तेलाखाली जाते, त्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. गॅस बंद करा आणि कढईवर मोठे झाकण किंवा परात सरकवा. हवा तुटली की आग मरते. कढई उचलून मोरीकडे पळू नका. पळताना ती अंगावर सांडते.

आता ती बाटली. ओव्हनच्या औषधात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा हे तीन भाऊ नव्हेत. नावे सारखी, स्वभाव वेगळे. पहिला भज्यांत घालतो. दुसरा कपड्यांत घालतो, त्याने हात कोरडे पडतात. तिसरा कातडीतल्या स्निग्धाचा साबण करतो. म्हणून ताईंची बोटे बुळबुळीत झाली. तो बुळबुळीतपणा म्हणजे साबण नव्हता, त्यांचीच कातडी विरघळत होती. डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. ॲल्युमिनियमला लागला तर ते खदखदते आणि पेटणारा वायू निघतो.

त्या बाटलीवरचे चित्र मी फळ्यावर काढतो. लाल चौकोन, टोकावर उभा केलेला. आत दोन नळ्यांतून थेंब पडत आहेत. एका बाजूला थेंबाखाली हात आहे, दुसऱ्या बाजूला धातूची पट्टी आहे, आणि दोन्ही झिजलेले दाखवले आहेत. अर्थ सरळ आहे: हे द्रव्य हात खाते आणि धातूही खाते. बाटली इंग्रजीत असो, मद्रासीत असो, हे चित्र सगळीकडे तेच असते. ज्यांना अजून एकही अक्षर येत नाही त्यांनाही ते वाचता येते. घरी जाऊन मोरीतल्या बाटल्यांवर ते शोधा. संडास धुण्याच्या ॲसिडवर बहुधा सापडेल.

हे औषध वापरायचेच असेल तर मालकीणबाईंकडे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मागा. मागायला संकोच करू नका. बाटलीवरच तसे लिहिले आहे हे त्यांना दाखवा. ओव्हन थंड हवा. त्याची पिन भिंतीतून काढलेली हवी, नुसते बटण बंद करून भागत नाही. खिडकी उघडी, तोंड बाजूला. आतल्या तापणाऱ्या सळ्यांवर फवारा नको. आणि ब्लीचिंग पावडरचे पाणी व संडासाचे ॲसिड ही दोन कधी एकत्र करू नका, ओव्हनमध्ये नाही आणि मोरीतही नाही. त्यांतून क्लोरीन वायू निघतो. तो छातीत भरतो.

पण माझे मत विचाराल तर रोजच्या मळाला या औषधाची गरजच नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घट्ट लगदा करा. पिन काढलेल्या, थंड ओव्हनच्या आतल्या बाजूंना तो लावा, सळ्या सोडून. रात्रभर राहू द्या. सकाळी ओल्या फडक्याने पुसा. दोनदा करावे लागेल, पण हात शाबूत राहतील. आतल्या जाळ्या आणि ताटे बाहेर काढून गरम साबणपाण्यात भिजवा. पूर्ण वाळल्यावरच पिन लावा. काही घरी मायक्रोवेव्ह असतो. त्यात काचेच्या भांड्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी ठेवून दोन-तीन मिनिटे तापवा, मग पाच मिनिटे दार उघडू नका. वाफेने मळ सुटतो. भांडे लगेच काढू नका. त्यातले पाणी शांत दिसले तरी हलवताच उसळते.

एवढे करूनही भाजले किंवा औषध अंगावर सांडले तर नळाखाली धरा. २० मिनिटे. घड्याळ लावून. आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच येते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पिंपातले पाणी तांब्या-तांब्याने ओतत राहा. बर्फ लावू नका. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा. नंतर हात सुजतो आणि त्या निघत नाहीत. शाई, हळद, तूप, दातांची पेस्ट यांतले काहीही नको. स्वच्छ ओल्या फडक्याने सैल झाका आणि दवाखाना गाठा. डोळ्यांत गेले असेल तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि तसेच शीव रुग्णालयात न्या. ताईंनी हात धुतला होता, पण दोन मिनिटेच. त्यांना आता बरे आहे. त्या समोरच बसल्या आहेत, दुसऱ्या रांगेत.

मागच्या रांगेतून एक दादा हात वर करून विचारत आहेत: बाटल्याच्या गळ्याशी इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो, तो कशाचा? प्रश्न फार चांगला. बाटल्याची मजबुती ठराविक वर्षांनी तपासावी लागते. ती पुढची तपासणी कधी, हे तिथे लिहिलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च. बी म्हणजे एप्रिल ते जून. सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर. डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे सालाचे. म्हणजे डी आणि ३१ असेल तर २०३१ सालच्या डिसेंबरपर्यंत. ती तारीख उलटलेला बाटला दारात आला तर घेऊ नका, परत पाठवा. बाटला आणणारा कुरकुर करील. करू द्या. तुम्हांला आता आकडे वाचता येतात.

उद्या येताना प्रत्येकाने वहीत दोन गोष्टी लिहून आणा: आपल्या बाटल्यावरचे अक्षर आणि आकडा, आणि आपल्या नळीवर छापलेले साल. ज्यांच्या नळीवरचे साल पुसले गेले असेल त्यांनी तसे लिहा. ते मी वेगळे घेईन.